शुक्राणूंच्या डीएनएची हेलो टेस्ट: सॅम्पल घेण्यापासून रिपोर्ट लिहिण्यापर्यंत

वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार कळतो. डोक्यात कोंबून भरलेला डीएनए शाबूत आहे की जागोजागी तुटलेला, हे त्यातून कळत नाही. सरळ रेषेत जोरात पोहणारा, दिसायला सुबक शुक्राणूही आतून फाटका असू शकतो. ते तपासायच्या चार पद्धती प्रचलित आहेत: हेलो (म्हणजे खळं) किंवा एससीडी, एससीएसए, ट्यूनेल आणि कॉमेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ च्या मॅन्युअलमध्ये, या चारही पद्धती विस्तारित तपासण्यांत दिल्या आहेत. छोट्या लॅबला परवडते ती हेलो. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारं यंत्र, लागत नाही. साधा मायक्रोस्कोप, वॉटर बाथ आणि फ्रीज पुरतो. म्हणून इथे मुख्यतः तीच.

आधीच एक गोष्ट. या टेस्टचा आकडा जितका पेशंटचा असतो, तितकाच सॅम्पल कसं हाताळलं आणि कुणी मोजलं याचाही असतो. पद्धतीचं नाव न लिहिता नुसता ‘डीएफआय २८ टक्के’ (डीएफआय म्हणजे डीएनए तुटलेल्या शुक्राणूंची टक्केवारी) छापलेला रिपोर्ट कुणाच्याच उपयोगाचा नाही.

कुणाची करायची

मूल होत नाही म्हणून पहिल्यांदाच आलेल्या प्रत्येक जोडप्याला ही टेस्ट लिहून देणं बरोबर नाही. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन आणि तिथली प्रजनन वैद्यक संस्था यांच्या २०२० च्या संयुक्त मार्गदर्शिकेत, सुरुवातीच्या तपासण्यांमध्ये ही टेस्ट नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र पुरुषाची ही टेस्ट करावी, असं तीच मार्गदर्शिका सांगते. युरोपातली यूरॉलॉजी संस्था त्यात कारण न सापडलेलं वंध्यत्वही धरते. याशिवाय व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं) असून ऑपरेशन करावं की नाही असा प्रश्न असेल, किंवा आययूआय, आयव्हीएफ, इक्सी असे कृत्रिम गर्भधारणेचे उपाय पुन्हा पुन्हा फसत असतील, तर डॉक्टर ही टेस्ट मागवतात. वीर्यात शुक्राणूच नसतील तर तपासायला काही उरतच नाही.

डीएनए तुटतो कसा

हे माहीत असेल तर पुढच्या पायऱ्या घोकाव्या लागत नाहीत. शुक्राणू तयार होताना डीएनएभोवतीची हिस्टोन प्रथिनं काढून त्या जागी प्रोटामिन बसतात, म्हणजे गाठोडं घट्ट बांधलं जातं. बांधताना पीळ सुटावा म्हणून धाग्याला मुद्दाम काप दिले जातात आणि ते पुन्हा सांधले जातात. सांधायचे राहिले तर तसेच राहतात. पुढे एपिडिडिमिसमध्ये, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत, साठून असताना ऑक्सिडेशनने आणखी तुटतं. शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. ते काम स्त्रीबीज करतं, तेही काही मर्यादेपर्यंत, आणि बाईचं वय वाढतं तशी ही ताकद उतरते. म्हणून २५ टक्के हा आकडा २६ वर्षांच्या बायकोच्या नवऱ्यासाठी आणि ३९ वर्षांच्या बायकोच्या नवऱ्यासाठी सारखा वाचायचा नसतो.

सॅम्पल: निम्मी चूक इथेच होते

शेवटच्या वीर्यपतनानंतर किती दिवस गेले, हे फॉर्मवर आकड्यात लिहून घ्या. ‘नियमाप्रमाणे’ असं लिहू नका. नेहमीच्या तपासणीला २ ते ७ दिवस चालतात. या टेस्टसाठी २ ते ३ दिवस ठरवून टाका आणि दर वेळी तेवढेच ठेवा. दहा-बारा दिवस थांबून आलेल्या माणसाचा आकडा वाढलेला येऊ शकतो, कारण जुने शुक्राणू साठून खराब होतात. उलट पहिलं सॅम्पल सांडलं म्हणून तासाभराने दुसरं दिलं, तर आकडा कमी येऊ शकतो. दोन्ही खरेच, पण एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत.

फॉर्मवर आणखी विचारायचं: गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया, फ्लू, काहीही. भट्टीजवळ किंवा बॉयलरवर काम आहे का, बिडी-सिगारेट, तंबाखू किती, औषधं कोणती. नैराश्यावरची काही औषधंही हा आकडा वाढवतात. पेशंटने हे ऐकून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हेही त्याला तिथेच सांगा.

सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यावं. घरून आणायचंच असेल तर तासाच्या आत, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. गाडीच्या डिकीत नाही, बर्फाच्या पिशवीत नाही. साधा काँडोम, साबण, तेल, थुंकी यांतलं काहीही चालत नाही.

वीर्य ३७ अंशांना ठेवून पातळ होऊ द्या. बहुतेक सॅम्पल १५ ते ३० मिनिटांत पातळ होतात. त्यानंतर लगेच कामाला लागा. इनक्युबेटरमध्ये ‘दुपारी बघू’ म्हणून ठेवलेल्या सॅम्पलमध्ये डीएनए तासागणिक तुटत राहतो, आणि हा वेग प्रत्येक पुरुषात वेगळा असतो, त्यामुळे नंतर गणिताने दुरुस्ती करता येत नाही. लॅबचा एक नियम ठरवा, उदाहरणार्थ सॅम्पल मिळाल्यापासून ३० ते ६० मिनिटांत स्लाइड, आणि प्रत्यक्ष वेळ नोंदवा. त्या दिवशी टेस्ट होणार नसेल तर न धुतलेलं वीर्य छोट्या भागांत द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा, नाहीतर उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवायचं तर ड्राय आइसवर. वितळवायचं एकदाच, पुन्हा गोठवलेला भाग टाकून द्या.

टेस्ट नेहमी न धुतलेल्या वीर्यावर करा. ग्रेडियंटने (दाट द्रावणाच्या थरांतून फिरवून) धुऊन निवडलेले शुक्राणू घेतले तर आकडा कमी येतो, कारण खराब मंडळी वर अडकून राहिलेली असतात. आयव्हीएफ लॅबने मुद्दाम तसं मागितलं असेल तर करा, पण रिपोर्टवर ठळक लिहा.

तयारी

कीट वापरत असाल तर कीटच्या कागदावरच्या वेळा पाळा. खालचे आकडे मूळ पद्धतीतले आणि तिच्या सोप्या केलेल्या रूपातले आहेत. ती स्पेनमधल्या होसे लुईस फर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली आणि पुढे सोपी केली.

स्लाइडवर ०.६५ टक्के साध्या अगारोजचा (गार झाल्यावर जेल होणारा पदार्थ) पातळ थर देऊन ८० अंशांना वाळवून ठेवतात. थर दिलेली बाजू ओळखू यावी म्हणून काठावर पेन्सिलने खूण करा. उलट्या बाजूवर जेल लावली की ती पुढच्या पहिल्याच धुण्यात वाहून जाते, आणि दोष मात्र कीटला दिला जातो.

याशिवाय कमी तापमानाला वितळणारं १ टक्का अगारोज (०.५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १४० मायक्रोलिटर), ०.०८ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, लायसिस द्रावण, ७०, ९० आणि १०० टक्के इथेनॉल, राइट स्टेन आणि फॉस्फेट बफर. आम्ल बनवणं सोपं आहे: थोड्या डिस्टिल्ड पाण्यात १ नॉर्मल आम्लाचे ८ मिलिलिटर घालून पाण्यानेच १०० मिलिलिटर करा. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. लायसिस द्रावणात डीटीटी, डिटर्जंट आणि भरपूर मीठ असतं. डीटीटी प्रोटामिनमधले गंधकाचे बंध सोडवतं, मीठ आणि डिटर्जंट प्रथिनं धुऊन काढतात. डीटीटीला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच काम करा. आणि कुठलंही वीर्य संसर्गजन्य समजूनच हाताळा.

खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास हवं. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत ३८ अंशांना आम्लाची पायरी केली तर ती कागदावर तीच असते, स्लाइडवर नाही.

स्लाइड बनवणं

१. पातळ झालेलं वीर्य पीबीएसने (फॉस्फेट बफर मिसळलेलं मिठाचं पाणी) पातळ करून शुक्राणू दर मिलिलिटरला ५० लाख ते १ कोटी करा. समजा मूळ संख्या ६ कोटी आहे. तर ५० मायक्रोलिटर वीर्यात २५० मायक्रोलिटर पीबीएस घातलं की १ कोटी होते. मूळ संख्याच ५० लाखांच्या खाली असेल तर पातळ न करता घ्या.

२. अगारोजची ट्यूब ९० ते १०० अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं ठेवून पूर्ण वितळवा, मग ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं. ही पाच मिनिटं गाळायची नाहीत. गरम अगारोजमध्ये शुक्राणू टाकले तर ते तिथेच भाजून निघतात. उलट ट्यूब टेबलावर विसरली तर गुठळ्या होतात.

३. पातळ केलेल्या वीर्याचे ६० मायक्रोलिटर त्या १४० मायक्रोलिटरमध्ये घालून हलक्या हाताने मिसळा. अगारोज आता ०.७ टक्के झालं. टिपचं टोक थोडं कापलं की घट्ट जेल नीट ओढली जाते. पिपेट शेवटच्या थेंबापर्यंत दाबू नका, बुडबुडे तिथूनच येतात.

४. यातले २० मायक्रोलिटर थर दिलेल्या स्लाइडवर, वर २२ बाय २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप. प्रत्येक सॅम्पलच्या दोन स्लाइड करा. फ्रीजमध्ये आधीच गार करून ठेवलेल्या धातूच्या पट्टीवर ४ अंशांना ५ मिनिटं.

५. कव्हरस्लिप उचलू नका, बाजूला सरकवून काढा. लगेच स्लाइड आडवी आम्लात बुडवा, ७ मिनिटं, अंधारात नसली तरी चालते पण घड्याळ लावूनच. शेवटपर्यंत स्लाइड आडवीच ठेवायची. उभी केली की जेल घसरते.

६. तिथून लायसिस द्रावणात २५ मिनिटं.

७. भरपूर डिस्टिल्ड पाण्याच्या ट्रेमध्ये ५ मिनिटं. नळाची धार जेलवर सोडू नका.

८. इथेनॉल ७०, ९०, १०० टक्के, प्रत्येकी २ मिनिटं. हवेवर वाळवा. या टप्प्यावर स्लाइड बंद डबीत, अंधारात ठेवता येते.

९. राइट स्टेन आणि फॉस्फेट बफर समसमान मिसळून ५ ते १० मिनिटं, मग किंचित पाणी देऊन वाळवा. रंग गडदच हवा. इथे कंजुषी केली की पुढची मोजणी फसते.

दर बॅचबरोबर आकडा माहीत असलेली दोन नियंत्रण सॅम्पल लावा, एक कमी तुटीचं आणि एक जास्त तुटीचं. संमती घेऊन छोट्या भागांत उणे ८० ला साठवलेली असावीत. ती चुकली की त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही.

खळं बघणं आणि मोजणं

पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळं पडतं, तसंच स्लाइडवर दिसतं: मधे गडद गोळा, भोवती फिकट, धुरकट वलय, आणि एका बाजूने निघालेली शेपटी. आम्ल तुटलेल्या टोकांपासून डीएनएचे दोन धागे वेगळे करतं. मग प्रथिनं धुतली गेली की शाबूत डीएनएची वेटोळी सैल होऊन बाहेर पसरतात, म्हणजे खळं पडतं. तुटलेला डीएनए पसरत नाही. म्हणजे इथे खळं चांगलं. कॉमेट टेस्टमध्ये नेमकं उलट असतं, तिथे पसरलेली शेपूट वाईट. दोन्ही शिकणारे यात हमखास गोंधळतात.

१०० च्या ऑइल लेन्सखाली पाच गट करायचे. मोठं खळं म्हणजे वलयाची रुंदी मधल्या गोळ्याच्या आखूड व्यासाइतकी किंवा जास्त. लहान म्हणजे त्या व्यासाच्या एक तृतीयांश किंवा कमी. या दोहोंच्या मधलं ते मध्यम. चौथा गट खळं नसलेल्यांचा. पाचवा खळं नसलेल्या पण गोळाही विरलेल्या, फिक्या आणि ओबडधोबड रंगलेल्यांचा. लहान, नसलेले आणि विरलेले मिळून तुटलेले. मोठं आणि मध्यम, शाबूत.

शेपटी नसलेली गोल पेशी मोजायची नाही. पांढऱ्या पेशी आणि अपरिपक्व पेशींनाही खळं पडतं, आणि त्या धरल्या तर आकडा फुकटचा सुधारतो. एकमेकांवर चढलेली खळी सोडून द्या. स्लाइडचा काठ आणि बुडबुड्याभोवतीचा भागही.

किमान ५०० शुक्राणू मोजा, दोन स्लाइडवर अडीचशे-अडीचशे. वर दिलेल्या प्रमाणात एका फील्डमध्ये साधारण चारच शुक्राणू येतात, म्हणजे सव्वाशे फील्ड. कंटाळवाणं आहे, पण शंभर मोजून आलेल्या २० टक्क्यांचा खरा पल्ला १२ ते २८ असतो. ३०० मोजले तर साधारण १५.५ ते २४.५, ५०० मोजले तर १६.५ ते २३.५. शंभर मोजून ‘२१ वरून १७ वर आला, औषध लागू पडलं’ असं सांगणं म्हणजे नाणं उडवून भविष्य सांगणं.

समजा ५०० मध्ये मोठी खळी २६२, मध्यम ११८, लहान ४६, नसलेली ६१, विरलेली १३. तुटलेले १२०, म्हणजे २४ टक्के. पहिल्या स्लाइडवर ५४ आणि दुसरीवर ६६ असतील, तर २१.६ आणि २६.४ टक्के, फरक ४.८. इतक्या आकड्यावर साडेसातपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, म्हणून चालेल. त्याहून जास्त असेल तर दोन्ही स्लाइड पुन्हा मोजा, आणि तरीही जुळत नसेल तर नव्या बनवा.

मध्यम आणि लहान यांच्या सीमेवर माणसं भांडतात. महिन्यातून एकदा सगळ्यांनी त्याच स्लाइडचे तेच फोटो मोजून आकडे ताडून बघावेत. गोळ्याचा व्यास डोळ्याने धरण्याऐवजी सुरुवातीला आयपीसमधल्या पट्टीने मोजायची सवय लावा.

काय बिघडतं

सगळ्यांनाच खळी लहान दिसत असतील, नियंत्रण सॅम्पललाही, तर डीटीटी शिळं झालं आहे. हवा लागून ते निकामी होतं. ताजं बनवा. रंग फिका असेल तरीही असंच होतं: खळ्याची बाहेरची कड दिसत नाही, मध्यमं लहानांत जातात आणि आकडा चढतो. असं वाटलं तर आधी स्लाइड पुन्हा रंगवून बघा.

याउलट जास्त तुटीच्या नियंत्रणालाही मोठी खळी पडली तर आम्ल कमजोर आहे किंवा ती पायरीच हुकली. जुनी बाटली, चुकीचं प्रमाण, सात मिनिटांऐवजी दोन. या चुकीत आकडा छान येतो, म्हणून ती महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

जेल सुटून वाहिली तर स्लाइडची बाजू, थर आणि कव्हरस्लिप काढण्याची पद्धत तपासा. खळी एकमेकांत मिसळली तर संख्या जास्त आहे; पातळ करून पुन्हा.

फार कमी शुक्राणू असलेल्या पेशंटमध्ये ५०० सापडतच नाहीत. सापडले तेवढे मोजून तो आकडा रिपोर्टवर द्या. अशा वेळी कॉमेट उपयोगी, तिला काही हजार शुक्राणू पुरतात आणि मोजायच्या पेशी ५० ते १०० असतात.

रिपोर्टवर काय हवं

पद्धतीचं नाव, कीट असेल तर त्याचं नाव, शेवटच्या वीर्यपतनानंतर किती दिवसांचा खंड, सॅम्पल मिळाल्याची आणि स्लाइड केल्याची वेळ, ताजं की गोठवलेलं, धुतलेलं की न धुतलेलं, किती मोजले, पाचही गटांचे आकडे आणि शेवटी टक्केवारी. दशांश लिहून अचूकतेचा आव आणू नका. २४ लिहा, २४.० नको.

नॉर्मल किती, हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारणार. एससीएसएसाठी १५ टक्क्यांखाली कमी, १५ ते ३० मधलं आणि ३० च्या वर जास्त, अशी ढोबळ वाटणी चालते. काही ठिकाणी वरची रेघ २५ वर मारतात. हेलोसाठीही ३० ची रेघ वापरली जाते. ट्यूनेलसाठी १६.८ हा आकडा दिसेल, पण तो ठरावीक कीट आणि ठरावीक फ्लो सायटोमीटरवर काढलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एकच जागतिक रेघ दिलेली नाही. प्रत्येक लॅबने आपली सीमा स्वतः पडताळायची आहे. एका लॅबचे ट्यूनेलचे २० आणि दुसरीचे हेलोचे २० शेजारी ठेवून तुलना करू नका. ट्यूनेल प्रत्यक्षात असलेले काप मोजते, हेलो आणि एससीएसए आम्लाने धागे किती उलगडतात ते मोजतात.

एससीएसएबद्दल थोडं: १९८० मध्ये डोनाल्ड इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत. वीर्य ३० सेकंद पीएच १.२ च्या द्रावणात, मग अक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग. शाबूत डीएनए हिरवा चमकतो, उलगडलेला लाल. यंत्र ५,००० हून जास्त शुक्राणू मोजतं, त्यामुळे आकडा २० टक्के असताना मोजणीची चूक फक्त एक-सव्वा टक्का. खर्च आणि यंत्र परवडत असेल तर आकड्याच्या स्थिरतेत तिला तोड नाही.

पुन्हा कधी

एकाच जास्त आकड्यावर मोठा निर्णय होऊ नये. ताप येऊन गेला असेल तर निदान तीन महिने थांबून पुन्हा करा: शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि एपिडिडिमिसमधून बाहेर यायला साधारण दोन आठवडे लागतात. व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर किंवा तंबाखू सोडल्यावरही हाच हिशेब. पंधरा दिवसांनी केलेल्या टेस्टमध्ये तेच जुने शुक्राणू दिसणार.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दल पेशंट विचारतोच. अमेरिकेतल्या मॉक्सी या २०२० च्या यादृच्छिक चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांचा डीएनए खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुधारला नाही. लॅबने यावर सल्ला देऊ नये, डॉक्टरांकडे पाठवावं. दुसऱ्या टेस्टच्या चिठ्ठीवर मात्र लॅबनेच आधीची पद्धत आणि खंडाचे दिवस लिहून द्यावेत: ‘हेलो, २ दिवस, न धुतलेलं’. पेशंट ती चिठ्ठी घेऊन कुठेही गेला तरी टेस्ट तशीच व्हायला हवी.